भारी की हलका

३ मार्च
लॅपटॉप पुन्हा बंद पडला! वाढदिवसाचा व्हिडिओ ब्याण्णव टक्क्यांवर आला आणि पडदा काळा. गिऱ्हाइकाचे सकाळपासून तीन फोन. बस्स, आता नवीनच. पंचावन्न हजारांत बसवायचा, वर एक छदामही नाही.

सात वर्षं या डबड्यावर काढली. चित्र पाच सेकंद पळतं, मग अडकतं, आवाज फाटतो. म्हणून मी आवाज बंद करूनच कापते आणि वर संगीत चढवते. ताईच्या लग्नाची फिल्म, माझं पहिलं काम, तीही अशीच केली.

५ मार्च
मॉडेलं बघत बसले. आईची खाट इकडे, माझं टेबल तिकडे, मध्ये तिचा वॉकर. टेबल तिनंच इथे आणवलं – 'मला दिसशील अशी बस.' खुब्याचं हाड मोडलं त्याला दोन वर्षं झाली, आता स्वयंपाकघरापर्यंत छान चालते. पण मी चप्पल घातली की हिच्या खुब्यात कळ! आज कोपऱ्यावर दूध आणायला निघाले, तर 'किती वाजता येशील?'

असं लिहायची लाज वाटते. तरी लिहिते.

६ मार्च
रॅम सोळा हवी. बाकी डोक्यात काही शिरत नाही.

९ मार्च
शेजारच्या काकूंना आईजवळ बसवून दुकानात गेले, एक तासाच्या बोलीवर. दुकानातली बाई माहितगार निघाली. या पैशांत दोनच, म्हणाली. एक भारी – ग्राफिक्स कार्ड दणकट, काम झटपट, पण वजन अडीच किलो आणि बॅटरी तासाभरात मान टाकते. सतत प्लगला हवा. दुसरा हलका – जरा हळू, पण नऊ तास कुठेही न्या.

'काम कुठे बसून करता?'

'घरीच.'

'कायम?'

हसू आलं, मग एकदम रडूच यायला लागलं. 'कायम,' म्हटलं.

'मग प्रश्नच मिटला. भारी घ्या.'

घरी यायला वीस मिनिटं उशीर. आईनं तोवर गोळी घेतली नव्हती. मुद्दाम!

११ मार्च
ताईचा फोन. 'भारीच घे गं, तुला कुठे जायचंय?' अंगाचा तिळपापड झाला. स्वतः वर्षातून दोनदा येते, आईचे पाय चेपते आणि जाते.

पण खरंच, मला बोलावलंय तरी कुणी? ताईच्या लग्नात मी स्टुडिओवाल्या काकांच्या जोडीला कॅमेरा धरला होता. 'नजर चांगली आहे तुझी,' म्हणाले, सगळं चित्रीकरण मलाच कापायला दिलं. पुढे कामावर घेतील म्हणून मी महिनाभर फोनकडे डोळे लावून बसले. काही नाही. उगाच तोंडदेखलं बोलले असतील.

१४ मार्च
भारी घ्यायचा ठरवून गेले. बाई म्हणाली, आधी तुमची सगळ्यात जड फाइल चालवून बघा. पिशवीतल्या हार्ड डिस्कवरून ताईच्या लग्नाचं मूळ चित्रीकरण लावलं. काय सुरेख चाललं! कुठे अडकणं नाही, आवाज स्वच्छ. रिकाम्या खुर्च्या दिसत होत्या, कॅमेरा कुणीतरी बंद करायला विसरलेलं. मागून काकांचा आवाज – 'धाकटीला पाठवा माझ्याकडे. शिकवीन, पगारही देईन.'

आणि आई – 'तिला विचारू नका हं. विचारलंत तर ती हो म्हणेल.'

परत लावलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा बाईनं मला खुर्ची आणून दिली. काहीच न घेता परत आले.

१५ मार्च
आईला अंघोळ घातली, केस विंचरले. क्लिपबद्दल चकार शब्द काढला नाही. इतका राग आलाय की तिच्याकडे बघवत नाही. आणि तिला म्हणे आज फार बरं वाटतंय!

१७ मार्च
हलका घेतला.

आईनं हातात धरून बघितला. 'एवढासा? टेबलावर नीट राहील ना?'

'टेबलासाठी नाहीये. बाहेर न्यायचाय.'

कुठे, विचारलं नाही. किती वाजता येशील, तेही नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मग तिकडूनच म्हणाली, 'ते स्टुडिओवाले... अजून तिथेच आहेत का गं?'