जुगाराच्या पानावर अप्पांचा फोटो

अप्पा, तुमचा फोटो जुगाराच्या वेबसाइटवर आहे. तुम्ही दुकानात खाली मान घालून कॅलिपरचा पट्टा शिवताय, तो फोटो. त्याच्या खाली पत्त्यांचं चित्र आहे आणि त्याखाली लाल अक्षरांत ‘आत्ता खेळा, आत्ता जिंका’. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि असताना तुम्ही कधी पत्त्याला हात लावला नाही. हे मी केलं नाही, पण माझ्यामुळं झालं. ज्यानं केलं त्याच्यावरचा राग दोन महिने झाले तरी उतरत नाही, म्हणून आज दुकानाला सुट्टी आहे तर लिहायला बसलेय.

तुमच्या वेळी पोलिओची लेकरं यायची. आता ती जवळजवळ येतच नाहीत, ही चांगली गोष्ट आहे. आता लकव्याची माणसं येतात, साखरेनं पाय बधिर झालेली येतात, जन्मतः पाऊल आत वळलेली बाळं येतात. काम तेच आहे. पायाचा साचा घ्यायचा, वाळवायचा, त्यावर बेतून बूट आणि पायाला आधार देणारं कॅलिपर बनवायचं. फक्त साचे आता स्वयंपाकघरात वाळत नाहीत. आई भाकरी थापतेय आणि तिच्या डोक्यावरच्या फळीवर परक्या माणसांची पांढरी पावलं ओळीनं ठेवलेली आहेत, हे मला अजून दिसतं. एखाद्या साच्यावर पीठ उडालं की तुम्ही ताटावरून उठून ते फुंकून यायचात. पीठही पांढरं, साचाही पांढरा, तरी तुम्हाला बसल्या जागेवरून कळायचं.

गेल्या वर्षी स्टेशनाकडच्या रस्त्यावर एक मोठं काचेचं दुकान निघालं. तिथं तयार कॅलिपर मिळतात, बनियन मिळावेत तशी, लहान, मध्यम, मोठी. मोबाइलवर सोलापूर आणि कॅलिपर असं टाकलं की ते सगळ्यात वर दिसायचं. आपलं दुकान इतकं खाली की कुणाला दिसायचंच नाही. मग एक दिवस करमाळ्याहून एक बाई आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. आधी त्या दुकानात जाऊन आली होती. मापाचं नसलेलं कॅलिपर घोट्याला घासून जखम झालेली, आणि ती चिघळलेली. मी विचारलं, आधी इकडं का नाही आलात? ती म्हणाली, “आमाला म्हाईतच न्हवतं की ताई. मोबाइलात बगितलं, जे वर दिसलं तितं गेलो.” मी मुलीचा पाय मांडीवर घेऊन जखम धुतली. ती रडली नाही, नुसती माझ्या हाताकडं बघत राहिली. त्या दिवशी मला तुमचा राग आला, अप्पा.

कारण मी सोळा वर्षांची असताना आपल्या दुकानासाठी पत्र्याची पाटी रंगवली होती, आठवतं? दुकानाच्या नावाखाली मी हौसेनं ‘महाराष्ट्रात नामांकित’ असं लिहिलं होतं. तीन गिऱ्हाइकं बसलेली असताना तुम्ही विचारलंत, “नामांकित कुनी म्हनलं तुला?” मी म्हटलं, सगळेच लिहितात. तुम्ही रॉकेलमध्ये बुडवलेलं फडकं माझ्या हातात दिलंत. “पूस.” ती तिघं बघत होती आणि मी पुसत होते. रंग ओला होता, तो सगळा पाटीभर पसरला. नंतर समजुतीच्या सुरात म्हणालात, “ज्याला लागतंय त्यो हुडकत येतोय, यव्वा.” नाही येत, अप्पा. तो मोबाइलात हुडकतो आणि चुकीच्या दुकानात जातो, आणि एका पोरीचा घोटा सडायची वेळ येते. तुमच्या सरळपणाची किंमत तुम्ही कधी मोजली नाही, ती मागं राहिलेल्यांनी मोजायची असते, असं मी त्या दिवशी जखमेला पट्टी बांधता बांधता मनात बोलले.

म्हणून मी त्या माणसाला बोलावलं. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात दोन फोन. लोकांची दुकानं सर्चमध्ये वर आणून देतो म्हणाला. आपली एक साधी वेबसाइट मी आधीच करून घेतली होती, ती बघून तो हसला. “वेबसाइट असून उपेग न्हाय मॅडम. तिच्याकडं बोट दाखवनाऱ्या दुसऱ्या वेबसाइटी पायजेत. बॅकलिंक म्हंत्यात त्याला. जितकी जास्त बोटं, तितकं सर्चला वाटतंय, हे दुकान मोठं हाय.”

मी विचारलं, “आणि ती बोटं कोण दाखवणार?”

“ते इकत मिळतंय की.”

अप्पा, तेव्हाच मी उठायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर ती करमाळ्याची पोर होती. मला वाटलं, आपलं काम खरं आहे, मग खऱ्याला चार खोटी बोटं मिळाली तर कुणाचं काय बिघडतं? त्यानं दुकानाची माहिती मागितली, तुमची गोष्ट मागितली, एक जुना फोटो मागितला. मी फोटो दिला. तो आईच्या ट्रंकेतला होता, तुमचा कामावर असतानाचा एकुलता एक.

महिन्याभरात आपण खरंच वर आलो. मी रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी मोबाइलवर बघायची आणि मला बरं वाटायचं, हेही सांगून टाकते. फोन वाढले. त्यातले निम्मे कुठल्या कुठल्या शहरांतून, काहीही विचारणारे, पण माढ्याची दोघं आली, बार्शीकडची तिघं आली. त्या काचेच्या दुकानावरून जाताना मी मुद्दाम आत बघायची.

मग वैरागच्या बाईंचा फोन आला. शाळेत शिकवायच्या त्या, आता निवृत्त झाल्यात. सहा वर्षांच्या असल्यापासून तुमच्याकडं यायच्या, त्यांचं पहिलं कॅलिपर तुम्ही केलेलं, आणि आता मी करते. त्या म्हणाल्या, “तुझा नवा नंबर हुडकत होते गं मोबाइलात. अप्पांचा फोटो दिसला म्हणून उघडलं, तर ते भलतंच निघालं.” मग जुगाराचं सांगितलं. मग त्यांनी सावकाश विचारलं, “त्यात लिहिलंय, अप्पा जन्मापासून अपंग होते, म्हणून त्यांना अपंगांचं दुःख कळलं. अप्पांचा पाय कधी गेला होता?”

तुमचा पाय. देवळाला जाताना आई कायम तुमच्या दहा पावलं मागं असायची, आणि वळणावर थांबून तुम्ही तिची वाट बघायचात.

मी घाईघाईनं म्हटलं, “बाई, ते त्या जाहिरातवाल्यानं मनानं लिहिलंय.” त्या म्हणाल्या, “अप्पा उकिडवं बसून माझा पाय हातात घ्यायचे. घरात तेव्हा माझ्या त्या पायाला कुणी हात लावत नव्हतं. धडधाकट माणूस एवढा वेळ माझा पाय धरून बसतो, याचंच मला लई वाटायचं. त्यांना अपंग कशाला केलं त्यांनी?”

त्या दुपारी मी त्या माणसाच्या ऑफिसात गेले. तिथं एक एक वेबसाइट उघडायला लावली. कुत्र्याच्या खाण्याची, पुरुषांच्या ताकदीच्या गोळ्यांची, जुगाराची, आणि सगळीकडं तीच तुमची गोष्ट, शब्द इकडंतिकडं करून. एका ठिकाणी तुम्ही डॉक्टर होतात. मी ओरडले तेव्हा तो खरोखर गोंधळला. “मॅडम, ते मानसांनी वाचायचं नसतंयच. मशिनीला दाखवायला असतंय.” मी म्हटलं, माझ्या बापाला एका माणसानं ओळखलं. तो म्हणाला, “एकच ना?” अप्पा, त्याच्या टेबलावरचा पेनांचा डबा मी भिंतीवर फेकला. सत्तेचाळीस वर्षांची बाई आहे मी, तरी फेकला, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

पानं काढून घ्या म्हटलं तर त्यातल्या बऱ्याच वेबसाइटींना मालकच सापडत नाही. मी स्वतः एकेकाचा पत्ता शोधून मेल लिहिले. काहींनी काढलं, काहींनी उत्तर दिलं नाही. जुगारवाल्यांनी दिलं नाही. मग एक दिवस आपलं दुकान सर्चमधून खाली गेलं, इतकं खाली की आधी होतं तिथंही उरलं नाही. मशिनीला म्हणे विकतची बोटं ओळखू येतात. करमाळ्याच्या मुलीचं कॅलिपर मात्र नीट बसलंय. मागच्या आठवड्यात तिच्या आईनं ती चालतानाचा व्हिडिओ पाठवला.

आता उरलेलं सांगते. तो माणूस तुमची गोष्ट मागायला आला होता, तेव्हा मी जे होतं ते सांगितलं. त्यानं वही मिटली आणि विचारलं, “काय मनाला लागंल असं न्हाय का?” मी थोडा विचार केला आणि म्हटलं, लिहा, ते स्वतः जन्मापासून अपंग होते. जुगार त्याचा होता. डॉक्टरही त्यानंच केलं तुम्हाला. पण तुमचा पाय मी काढून घेतला, अप्पा, खुर्चीवर बसून, चहा पीत, एका वाक्यात.

बाईंना मी अजून सांगितलेलं नाही. बुधवारी त्या पट्टा बदलायला येणार आहेत, त्यांचा पाय हातात घेऊन मला खाली बसावं लागेल. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि खरं म्हणजे तुम्हाला आधी सांगितलं ते एवढ्यासाठीच, की तुम्ही काही विचारणार नाही.