गुडघ्याचं खरं सांग

आई, इथूनच वाकून नमस्कार.

शनिवारी आमच्या बायकांच्या वाचनमंडळात वाचायची पाळी माझी होती आणि पुस्तक मी घरीच विसरले. मग पर्समधलं तुझंच पत्र वाचून दाखवलं. रागावू नकोस. बाबा शर्ट उलटा घालून बँकेत जाऊन आले, ते तर सगळ्यांनी दोनदा वाचायला लावलं.

फक्त आमच्यातल्या नर्सबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "एका पत्रात तीनदा 'गुडघा बरा आहे' लिहिलंय. म्हणजे बरा नाही."

मी ते पत्र चारदा वाचलं होतं, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

जिना चढतेस कशी? दादाला तरी सांगितलंस का? खरं काय ते लिही. मंडळात नाही वाचणार.

मी मजेत आहे. हे एकदाच लिहिलंय, मोजून बघ.

तुझी धाकटी