दिनपालांच्या स्वागताची तयारी

तीर्थस्वरूप बाबा यांना,
जावयाचा साष्टांग नमस्कार. ('तीर्थरूप' की 'तीर्थस्वरूप' हे ठरवण्यात पहिली दहा मिनिटं गेली. जन्मदात्या वडिलांना तीर्थरूप आणि वडिलांच्या जागी असलेल्यांना तीर्थस्वरूप, असं शाळेत पट्टीचा मार खाऊन शिकलोय, ते आता सोडवत नाही.) गुडघे कसे आहेत? जिना चढताना मध्ये थांबता की नाही? पत्र पाहून चकित झाला असाल. पण फोनवर आपलं दोघांचं बोलणं 'कसं काय', 'बरंय', 'हिला देतो' एवढ्यावरच आटोपतं, आणि आज मला जरा ऐसपैस सांगायचंय. इकडे आम्ही दोघं खुशाल. घरात सध्या एकोणतीस अंश तापमान आणि सत्तर टक्के दमटपणा आहे. हे आकडे का देतोय ते पुढे कळेल.

तुम्हाला माहीतच आहे की मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासतो. गिऱ्हाइकं मला दिसत नाहीत, त्यांचे नंबर दिसतात, आणि मी माणसं त्यावरूनच ओळखतो. चार महिन्यांपूर्वी एक 'उणे सहा' बाई काउंटर ओलांडून थेट माझ्या खोलीत आल्या. त्यांच्या चष्म्यावर पाण्याचे बारीक बारीक ठिपके सुकून बसले होते. म्हटलं, हे कशाचे? म्हणाल्या, "फवाऱ्याचे. मी पाली पाळते." आणि मोबाइलवर एक फोटो दाखवला. बाबा, कोवळ्या पानाचा हिरवा रंग, पाठीवर लाल थेंब सांडल्यासारखे, आणि ती पाल जीभ बाहेर काढून स्वतःचा डोळा पुसत होती! बाई म्हणाल्या, "पापण्या नसतात ना त्यांना. डोळे जिभेनंच साफ ठेवतात." बावीस वर्षं मी लोकांच्या काचा पुसत आलोय. त्या क्षणी मला काय झालं ते नीट सांगता येणार नाही, पण मशीन चालूच राहिलं आणि कुणा बिचाऱ्या 'अधिक दोन'ची डावी काच घासून घासून मी कागदासारखी करून ठेवली.

या पाली दूरच्या बेटांवरच्या, आणि आपल्या पालींसारख्या रात्रीच्या नव्हेत, दिवसा जागणाऱ्या. मी त्यांना दिनपाल म्हणतो. (राज्यपाल, द्वारपाल, तसे दिनपाल. एखादं मानाचं पद वाटतं. दुकानाच्या मालकांना वाटलं, मी सरकारी नोकरीसाठी अर्ज केलाय. आठवडाभर ते माझ्याशी फार गोड वागले.) उणे सहा बाईंकडे दोन पिल्लं होती. त्या मला ती द्यायला तयार झाल्या, मात्र अट अशी की आधी महिनाभर रिकामं घर चालवून दाखवायचं आणि मग त्या स्वतः येऊन ते पसंत करणार. लग्नाआधी तुम्ही आमच्या घरी येऊन भिंतींवर टिचक्या मारून पाहिल्या होत्या, तेव्हाही मी इतका घाबरलो नव्हतो.

तुमच्या लेकीला सांगितलं तेव्हा ती इस्त्री करत होती. तिनं इस्त्री उभी केली, ट्यूबलाइटमागच्या पालीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "ती तिथे फुकट आहे." मग पुन्हा इस्त्री सुरू. याला मी होकार समजलो.

दुकानातलं चष्म्याच्या फ्रेमी मांडायचं जुनं उभं काचेचं कपाट मालकांनी टाकायला काढलं होतं, ते घरी आणलं. दिनपालांना उंची लागते, जमिनीवर त्यांचा जीव रमत नाही. आत उभे-आडवे बांबू लावले. (कपडे वाळत घालायची काठी कुठे गेली, हा प्रश्न तुमच्या लेकीनं दोन दिवस विचारला. तिसऱ्या दिवशी तिला ती कपाटात चार तुकड्यांत दिसली.) कुंड्या ठेवल्या, वेल सोडला, वर उन्हासारखा दिवा लावला. त्या दिव्यानं माझा अंत पाहिला. कधी आत बेचाळीस अंश, कधी चोवीस. तीन दिवस मी थर्मामीटर हातात धरून त्या कपाटाच्या उशाशी असा बसलो होतो की शेजारच्या नर्सबाई दारातूनच 'कोण आजारी आहे?' म्हणून विचारून गेल्या. पिकलेल्या फळांचा गर करून पाहिला आणि दिनपालांच्या वतीनं चाखलाही. बरा होता, फक्त कणभर मीठ हवं होतं.

मग आले रातकिडे. दिनपालांना जिवंत खाणं लागतं म्हणून डबाभर आधीच मागवून ठेवले होते. तो डबा मी 'जरा हवा लागू दे' म्हणून उघडला आणि तेवढ्यात फोन वाजला. एवढं सांगितलं तरी पुढचं तुम्हाला दिसेल. आठवडाभर आमचा सोफा गात होता. सोफ्याला उत्तर कपाटाखालून, कपाटाला उत्तर चपलांच्या फडताळातून. मी काठी आणि डबा घेऊन गुडघ्यांवर रांगत होतो, आणि तुमच्या लेकीच्या बोलण्याची मनातल्या मनात तयारी करत होतो. पण झालं वेगळंच. आई गेल्यापासून ती पहाटे चारला उठून स्वयंपाकघरात दिवा लावून बसते, हे तुम्हाला तिनं सांगितलं नसेल. रातकिडे सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी ती सकाळी सातपर्यंत झोपली. तिसऱ्या दिवशी साडेसातपर्यंत. चौथ्या दिवशी मी सोफा उलटा करायला गेलो तर म्हणाली, "राहू देत. कुणाचं काय खातायत?" (पडद्याची झालर खात होते.)

त्यानंतर आमचा एक परिपाठच पडला. सुट्टीच्या दिवशी दुपारी अडीच-तीनला आम्ही दोघं कपाटासमोर बसतो. फवारा मारला की काचेवर धुकं धरतं. मग एकेक थेंब ओघळतो, आणि त्या ओघळाच्या वाटेनं आतलं एकेक पान उजळत जातं. ओल्या मातीचा वास खोलीभर पसरतो. कपाट रिकामं, तरी आत कुणीतरी आत्ता आत्ता येऊन बसेल असं वाटत राहतं. माझे डोळे मिटतात आणि मी आत असतो, अंगठ्याएवढा, बांबूवर पालथा, पाठीवर ऊन, पोटाखाली गार बांबू, कुणाच्याही नंबरची काळजी नाही. वेलाच्या पानावर एक थेंब थरथरत असतो, तो पडायला सबंध दुपार लागते. एकदा अशाच तंद्रीत तिचा आवाज आला, "आईला आवडलं असतं हे." मी डोळे उघडले तर ती कपाटाकडेच बघत होती. आईचं नाव तिनं आपणहून काढलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

तर मागच्या रविवारी उणे सहा बाई तपासणीला आल्या. थर्मामीटर पाहिला, मान डोलावली. माती चिमटीत घेऊन हुंगली, मान डोलावली. मी मनात पेढे वाटायला घेतले होते. तेवढ्यात त्यांनी मधल्या बांबूवर नख वाजवलं आणि बांबूच्या मागून, अगदी सावकाश, जेवून वामकुक्षी घेतलेल्या माणसासारखी, आमची ट्यूबलाइटची पाल बाहेर आली. चांगली गरगरीत झाली होती. (माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकायला हवी होती, कारण ट्यूबलाइट तीन आठवडे रिकामा होता. पण खरी पाल इतकी गप्प बसलेली, मग शंकेची कशाला बोलते?) बाई वाकून म्हणाल्या, "तुमच्याकडे आधीच पाल आहे की. आणि हे बघा, दोन अंडीसुद्धा."

मग त्यांनी कपाटाच्या दाराच्या फटीत करंगळी घातली. ती सहज गेली. "हिला हलवा, सगळं धुऊन काढा, पंधरा दिवसांनी येते," म्हणाल्या. "आणि हे दार कुणी बसवलंय?" मी म्हटलं, मी. "काचकाम जाणणारं ओळखीचं कुणी नाही का हो तुमच्या?" तुमची लेक छताकडे बघू लागली, मी जमिनीकडे. चाळीस वर्षं ज्यांनी काच कापली त्यांच्या घरची मुलगी या घरात आहे, हे त्या बाईंना कुठून माहीत असणार? बाईंनी चष्मा पुसला आणि निघाल्या.

पाल पकडली. तिनं शेपूट आमच्याकडे ठेवून दिली आणि बाकीची चष्म्याच्या डबीत बसून गॅलरीतल्या भिंतीवर राहायला गेली. अंडी कापूस घालून दुसऱ्या डबीत आहेत. तुमची लेक कामावरून आल्यावर आधी ती डबी बघते, मग माझ्याकडे.

असो. पत्र फार लांबलं. गोळ्या वेळेवर घेत जा, चष्मा टोचत असेल तर कळवा.

आपला,
जावई

ता. क. दाराला दोन नव्या काचा आणि नीट चौकट हवी आहे. तुमची ती काच कापायची हिरकणी घेऊन चार दिवस येऊ शकाल का?

ता. क. दुसरा. स्वयंपाकघराच्या खिडकीची काच खरोखरच उलटी बसलेली आहे, खरखरीत बाजू बाहेर. मागच्या वेळी तुम्ही ते दाखवलंत तेव्हा 'तुमचं वय झालंय, आता आमच्या खिडक्यांत लक्ष घालू नका' असं मी बोललो आणि तुम्ही चहा अर्धा टाकून उठलात. काचेची उलटसुलट बाजू ओळखणं हे माझं पोट आहे, बाबा. मला ती तेव्हाही दिसली होती.

ता. क. तिसरा. दिनपाल दिवसा जागे, आणि आम्ही दोघं दिवसा कामावर. अकराला आणि चारला फवारा मारायला घरात कुणीतरी लागेल. चार दिवस म्हटलंय खरं, पण या पाली दहा-दहा वर्षं जगतात.

बाबा, हे खालचं मी लिहितेय. पाल मी पकडली. हे स्टुलावर उभं राहून सूचना देत होते. असं पत्र यांनी याआधी दोनदा लिहिलंय. दोन्ही वेळा पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले आणि खिशात घालून परत आले, मला धुवायच्या विजारीत सापडली. त्या दोन्हींत पालींचं अक्षरही नव्हतं, नुसतीच माफी होती. हे मी स्वतः पेटीत टाकतेय. तुमची गादी सकाळीच उन्हात घातली आहे.