गुंड्याची भाकरी

१३ जानेवारी २०२५, सोमवार

चौतीस किलो! गुंड्याला आज भाताच्या गिरणीत नेऊन काट्यावर चढवलं. रोज मी तिथं पोती मापतो, आज कुत्रं मापलं. भरमा हमाल म्हणाला, "आण्णा, तोंडाला शिलाई मारू काय?" सगळे हसले. मीही हसलो.

जनावरांचे डॉक्टर हसले नाहीत. "ऊटा कडिमी माड्री," म्हणाले. खाणं कमी करा. चोवीसवर आला पाहिजे. मागच्या पायांचे सांधे गेलेत, छातीवर भार येतोय — असाच राहिला तर वर्ष काढणार नाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं. "व्हय," एवढंच म्हणाली. चुलीपासून मान वर केली नाही.

१६ जानेवारी

सकाळी अर्धी भाकरी, संध्याकाळी अर्धी. दूध बंद. पूजा उरकून त्याला गडाच्या रस्त्याला घेऊन गेलो. जरा चालला आणि रस्त्यातच फतकल मारली. मागून ट्रॅक्टर! उचलवेना, उठवेना. ट्रॅक्टरवाला ओरडला, "आण्णा, कोण कुणाला फिरवालंय?"

२७ जानेवारी, सोमवार

साडेचौतीस. वाढला!

गल्लीतलं कुणीतरी घालतंय. शेजारच्या मारुतीरावला विचारलं, तर तो उसळलाच — "माझ्या म्हशीला पेंड मिळंना, तुझ्या कुत्र्याला काय घालू रं? पोरीला दार बंद केलास, आता मुक्या जनावराला उपाशी मारालास!"

माझ्या लेकीचं, ऋतिकाचं, नाव त्यानं घेतलं नाही. तरी लागलं.

२८ जानेवारी

घरामागच्या परड्यात साखळीनं बांधला. भुंकला नाही, नुसता बघत राहिला. पाठ फिरवून जेवलो.

३ फेब्रुवारी, सोमवार

चष्मा विसरला म्हणून दुपारी घरी आलो. परड्यात बायको. डोईवर पदर, पुढ्यात ताट — गरम भाकरी, तूप, गूळ. गुंड्याला हात जोडले आणि घास भरवायला लागली. स्वतः जेवायच्या आधी!

"काय चाललंय हे?"

"इचारू नका. बोलला तर नवस फळत न्हाय."

दुसऱ्याचा नवस मोडायला लावायचा — हे पाप मी कसं करू? आणि नाही मोडला, तर या मुक्या जिवाचं काय? साखळी त्याच्या गळ्यात, पण अडकलोय मी.

४ फेब्रुवारी

देवापुढे बसलो. गिरणीला उशीर झाला.

८ फेब्रुवारी

खंडोबाच्या देवळात जोतिबा गुरवाला गाठलं. नवसाची भाकरी लहान केली तर चालेल का?

"बोललेलं माप कमी करायचं न्हाय, आण्णा. नवस फिटला की आपसूक सुटतंय."

फिटणार कसा? देवाकडं मागितलंय काय, तेच मला ठाऊक नाही. तिला विचारता येत नाही. सोडवायचं कुणी?

९ फेब्रुवारी, रविवार

गुंड्या उठलाच नाही. चारदा धडपडला, मागचे पाय नुसते ओढले. मी बायकोवर ओरडलो — गल्लीनं ऐकावं असा. असा मी कधी ओरडत नाही.

ती त्याच्याजवळ खाली बसली. त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग बोलली.

"मोडू दे माझा नवस, ह्यो जगू दे. तुम्ही तुमच्या तोंडानं पोरीला घरी बोलवूस्तोवर रोज याला भाकर घालीन म्हटलंतं. मगच मी जेवीन म्हटलंतं. दोन वर्सं झाली."

दोन वर्षं! ऋतिकानं शहापूरच्या विणकराच्या पोराशी, रविराजशी, आपल्या मनानं लग्न केलं. बसनं अर्ध्या तासावर राहते. या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही, म्हणालो होतो. तेव्हापासून या कुत्र्याला कोण चारत होतं — ती, का माझा हट्ट?

आता नवसही राहिला नाही. मला कुणाची सक्ती नाही.

१० फेब्रुवारी

सकाळी फोन हातात घेतला. ऋतिकाचा नंबर त्यात नाही — मीच काढून टाकला होता.

"सांग," म्हटलं.

बायकोनं भाकरी थापता थापता दहाही आकडे म्हटले. एकदाही अडखळली नाही.