मागची काच

अक्षदाच्या बाबांस,

मी वैशाखऱ्याला भावाकडं जातेय. भात टोपात आहे, कालवण चुलीवर. मांजरीला दूध घाला, तिला तरी वाट बघायला लावू नका.

तुमच्या राहायच्या गाडीच्या मागच्या काचेला कडेनं धरून ठेवणारा जुना सिलिकॉन मी सगळा खरवडून काढला. तुमी त्यावरच नवीन मारू म्हणत होतात. तसं धरत नाय, मुरबाडचा हार्डवेअरवाला बोलला. शूटिंगवाल्यांकडून गाडी घेतली तेव्हापासून पाणी आतल्या गादीवर गळतंय. अक्षदाचं लगीन झालं का आपण दोघं या गाडीतून फिरू, असं तुमीच बोललेले. तिला सासरी जाऊन दुसरा पावसाळा आला.

बाहेरून सिलिकॉन कापायचा तर आतून काच धरायला माणूस लागतो. रविवारी तुमाला हाक मारली. "आलोच" म्हणालात, नि ड्युटी नव्हती तरी कसाऱ्याला निघून गेलात. मग मी गादी उभी करून काचेला टेकवली, तिच्यामागं पाटा लावला. थोडं कापायचं, आत जाऊन बघायचं, परत बाहेर. शेवटची पट्टी निघाली तरी काच पडली नाय. तरी मी आत जाऊन ती धरून उभी राहिले, उगाच. बाहेर कोणी नव्हतं.

काच पडवीत गोणपाटात गुंडाळून ठेवलीय. गाडीला प्लास्टिक बांधलंय. सिलिकॉनची नवी नळी फडताळात आहे. एकट्यानं काच बसवू नका, वाकडी बसेल. बसवायची असेल तर मला न्यायला या. आतून मी धरीन.