सातव्या दाराबद्दल मी लिहिलं ते

४ तारीख, सोमवार

रात्रभर झोपले नाही. का, ते सांगितलं तर लोक तोंडावर हसतील — कार्टूनमुळे.

‘सात दारांचा डोंगर’ दर रविवारी संध्याकाळी लागतं. चिमणीला मांडीवर घेऊन बघते. माझी मुलगी, चार वर्षांची. ती रंग बघते, पंख बघते. मी तिवशाला बघते. खरं नाव जोडाक्षरी आहे, पडद्यावर बघून उतरवलं तर जमतं — त्विषा. नाहीतर माझ्या हातून तिवशाच होतं. शाळा पाचवीपर्यंत. जोडाक्षरांशी माझं तेव्हाही पटलं नाही.

तर ही तिवशा राजाच्या घरातून पळालेली. राजा तिचा नवरा. कडेवर ठिणगीएवढं पोर, त्याच्या केसांना जाळ. डोंगराच्या पोटात सात दारं, सातव्यामागे दोघं लपून राहतात. त्या दारावर घारी असते, अर्धी बाई अर्धी पाखरू. तीन वर्षं मालिका चाललीय, घारीनं दार उघडलं नाही. पंख जळाला तरी नाही. काल उघडलं. स्वतःच्या चोचीनं कडी काढली. का काढली ते दाखवलंच नाही. राजाच्या बुटांचा आवाज आला आणि भाग संपला.

चिमणी म्हणाली, "आई, घारी चुकली का?"

मी म्हटलं हो, चुकून झालं. ती झोपली. मी उठून आमची कडी बघितली. परत बघितली. मग दाराला खुर्ची लावली आणि त्या खुर्चीवर मीच बसून राहिले.

चिमणीच्या बापाला आम्ही कुठं आहोत ते माहीत नाही. अकरा महिने झाले. माहीत नाही तोवर आम्ही धड आहोत.

५ तारीख, मंगळवार

लॉन्ड्रीत आज कुणाचं कामात लक्ष नव्हतं. टाचणी सकाळपासून पेटलेली. तिला टाचणीच म्हणतात — कपड्यांना चिठ्ठ्या टोचायचं काम तिचं, तोंडात कायम चार टाचण्या. त्यांच्यामागून बोलते, तरी सगळ्यांपेक्षा जास्त बोलते. ह्या कामावर मला तिनंच लावलं. माझं सगळं इथं तिला एकटीला ठाऊक आहे.

"खाल्ल्या घराचे वासे मोजणारी मेली," म्हणाली. "समोर आली ना, पंख उपटून उशीत भरीन."

इस्त्रीवाले काका म्हणाले, "अगं चित्र आहे ते. पगार घेऊन काढलंय कुणीतरी."

"मग पगार घेऊन नीट काढावं ना, काका."

काका हसले आणि वाफ सोडली.

फोनवर मालिकेचा ग्रुप आहे, तोही टाचणीनं जोडून दिलेला. मी फक्त वाचते. नाव टाकलं नाही, फुलाचं चित्र टाकलंय. काल तिथं नुसता धुरळा. ‘तीन वर्षं जीव लावला, केसानं गळा कापला.’ ‘घारी असं करूच शकत नाही, लिहिणारा बदललाय.’ ‘आजपासून बघणं बंद’ — हेच रविवारी सगळ्यांच्या आधी बसतील. हसू आलं वाचून.

मग दुसरे लोक आले. ‘राजाही बाप आहे की.’ ‘पोराला बाप नको का?’ ‘तिनं आता समजुतीनं घ्यावं, किती दिवस लपणार.’ मला वाटलं असे दोन-चार निघतील. वाचता वाचता अंगठा दुखला तरी संपेनात. चांगली माणसं होती. एकीच्या फोटोत देवघर होतं, एकाच्या मांडीवर नातू.

जेवणाच्या सुट्टीत जेवलेच नाही. लिहिलं. पहिल्यांदाच लिहिलं ग्रुपवर —

‘तिवशाला परत जा म्हणनाऱ्यांनी एक दिवस राजाच्या घरात राहून दाखवा. भाहेरून सगळे राजे चांगलेच दिसतात.’

पाठवलं आणि फोन अभ्र्यांच्या गठ्ठ्याखाली दडवला, जसं काही तोच बोंबलणार होता.

६ तारीख, बुधवार

चारशेच्या वर बदाम आले! लोक हसतायत पण. ‘तिवशा’ला हसतायत. मला ‘तिवशा मावशी’ म्हणायला लागले. पण वाईट नाही हसत, लाडानं हसतात. एकीनं लिहिलं, मावशी, माझ्या मनातलं बोललात. ते मी चिमणीला वाचून दाखवलं. तिला काही कळलं नाही, तरी टाळ्या वाजवल्या.

टाचणीला राहवलं नाही. तिनं ग्रुपवर टाकलं, ‘तिवशा आमची आहे, माझ्याबरोबर चादरींच्या घड्या घालते.’ मी म्हटलं, कशाला गं? म्हणाली, "मिरवू दे की जरा. माझी मैत्रीण लेखिका झाली."

आज झोप लागली.

८ तारीख, शुक्रवार

कुणीतरी व्हिडिओ केलाय. ‘सातवं दार उघडलं, प्रेक्षक खवळले.’ त्यात लोकांनी लिहिलेलं एकेक वाचून दाखवतात. पहिलंच माझं. चष्म्यातली मुलगी वाचते, "ति-व-शा," असं तोडून, आणि हसते. मागे माझे शब्द मोठ्या अक्षरांत. भाहेरून सुद्धा तसंच.

टाचणी नाचत आली. "लाखानं बघितलंय!"

मी तिच्या हातातला फोन उलटा करून ठेवला.

हे अजून कुठंच लिहिलं नव्हतं, आज लिहिते. तो मला तिवशा म्हणायचा. मालिका नवी होती तेव्हा मी कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतं, ‘रविवार, तिवशा’. त्यानं ते वाचलं. तेव्हापासून तेच नाव. चार लोकांत, "आमच्या तिवशाला विचारा, फार शिकलीय." भाजीत मीठ कमी पडलं, "तिवशे, इकडे ये." हात उचलायच्या आधी तेवढंच म्हणायचा, हळू आवाजात.

असं लिहिणारी जगात मी एकटीच असणार. आणि ते ओळखणारा तो एकटा.

९ तारीख, शनिवार

माझं लिहिलेलं पुसलं. व्हिडिओ कसा पुसणार, तो माझा नाही.

११ तारीख, सोमवार

काल भाग लागलाच नाही. पुढचा महिन्यानं म्हणे. दार उघडं टाकून सगळे सुट्टीवर गेले. ग्रुपवर शिव्यांचा पूर. मी वाचल्या नाहीत.

टाचणी आज गप्प. मीच म्हटलं, काय गं, घारीच्या पंखांची उशी झाली का?

"तिचंही काही असेल," म्हणाली. "आपल्याला कुठं सगळं माहीत असतं."

ती दुसरीकडे बघत चिठ्ठ्या टोचत होती. टॉवेलच्या चिठ्ठ्या चादरींना टोचत होती.

१३ तारीख, बुधवार

घाईत लिहितेय, अक्षर वाचता येईल का कोण जाणे.

हॉटेलच्या चादरींची घडी घालायला दोघी लागतात. दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, ताणायचं, मग चालत एकमेकींजवळ यायचं, कोपरे जुळवायचे. परत मागं. परत जवळ. आज माझ्यासमोर टाचणी होती. तोंडात टाचण्या नव्हत्या.

पहिल्या चादरीला जवळ आली तेव्हा म्हणाली, "एक सांगायचंय. ओरडू नको."

दुसऱ्या चादरीला — "ते ग्रुपवर आलेत. शनिवारी."

"कोण ते?" मला कळलं होतं. तरी विचारलं.

"चिमणीचे पप्पा."

पप्पा म्हणाली. मी आजवर तिच्यापुढं त्याला बाप सोडून दुसरं काही म्हटलेलं नाही.

"मी चादरीचं लिहिलं होतं ना, त्यावरून मला मेसेज केला. मग फोन. किती रडले गं. पुरुषमाणूस असा रडताना मी ऐकला नव्हता. चिमणीचा झगा उशाशी घेऊन झोपतात म्हणे."

"तू काय सांगितलंस?"

मागं गेली. चादर ताणली. मालकीणबाई काचेमागून बघत होत्या, म्हणून मीही ताणली.

"सुखरूप आहात, एवढंच."

"टाचणे."

"लॉन्ड्री सांगितली. खोली नाही सांगितली, आईशप्पथ. उद्या येणार आहेत, दुपारी. दोन शब्द बोलून जातील. बाप आहे गं तो."

मी म्हटलं, "घारीला मेली म्हणत होतीस तू."

"ते कार्टून होतं," म्हणाली. "ही खरी माणसं आहेत."

कोपरे माझ्या हातात देऊन डोळे पुसायला लागली. तिच्याच डोळ्यांना पाणी! मी चादर घडी केली, गठ्ठ्यावर ठेवली, दुसरी उचलली. ती चांगली आहे. तेच तर. वाईट असती तर मी तिला काही सांगितलंच नसतं.

तो रडतो हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. मार सांगितला, रडणं राहिलं. माझ्या गळ्याजवळचं हाड मोडलं तेव्हा दवाखान्यात तोच रडला. नर्सनं पाणी त्याला दिलं. चौकीत रडला, तर तिथल्या साहेबांनी मला समजावलं, बाई, इतका जीव लावणारा नवरा मिळत नाही. त्याच्याबरोबर परत पाठवलं. त्या दिवशी घरी काय झालं ते लिहीत नाही.

पोटात दुखतंय सांगून निघाले. चिमणीला पाळणाघरातून उचललं. खोलीवर गेले नाही, टाचणीला खोली माहीत आहे. आईशप्पथ तिनं माझ्यापुढंही घेतली होती, कुणाला सांगणार नाही म्हणून. रस्त्यात इस्त्रीवाले काका भेटले, सायकल हातात धरून. माझं तोंड बघून काही विचारलं नाही. म्हणाले, "चल घरी. तुझी काकू आहे." त्यांचं घर टाचणीनं बघितलेलं नाही.

भावाला फोन लावला काकांच्या फोनवरून. लागत नाही. भाऊ खाणीत आहे, जमिनीखाली. नाव न सांगता खाणीच्या कचेरीत विचारलं, तर म्हणाले, आज रात्रपाळी आणि वर उद्याची दिवसपाळी, जोडून. अकरा महिने त्यालाही काही कळवलं नाही. चिमणीचा बाप आधी भावाकडेच शोधायला गेला असणार, आणि भावाला खोटं बोलता येत नाही. चेहऱ्यावर दिसतं. लहानपणी साखर मी खायची, मार तो खायचा, तरी तोंडून नाव नाही काढायचा — पण चेहरा सांगायचा.

काकू म्हणतात उद्याच्या पहिल्या गाडीनं जा भावाकडे. जायचंय. पण माझी ओळखपत्रं आणि चिमणीच्या जन्माचा दाखला मालकीणबाईंच्या कपाटात आहे, कामावर लागताना ठेवून घेतात. दाखल्याशिवाय उद्या कुणीही विचारलं, ही मुलगी कुणाची, तर मी काय दाखवू? त्याच्याकडे फोटो आहेत. नाव आहे. बोलता येतं.

नऊला कपाट उघडतं. तो दुपारी येणार.

दुपारी येतो म्हणाला, म्हणजे दुपारीच येईल असं नाही. हेही टाचणीला सांगायचं राहिलं.

१४ तारीख, गुरुवार, सकाळ

चिमणी दूध पितेय. मी कागद आणायला चाललेय. आत्ता साडेआठ. अकरापर्यंत यायला पाहिजे.

काकूंना वाचता येत नाही, काका कामावर गेलेत. म्हणून ही वही चिमणीच्या पिशवीत ठेवते. काकूंना सांगून ठेवलंय, मी आले नाही तर ही शेजारी कुणालाही वाचायला द्या.

जो कोणी वाचत असेल — कुणीतरी दारात येईल, मुलीचा बाप आहे म्हणेल. ते खरं आहे. रडेल, तेही खरं वाटेल. तरी मुलगी देऊ नका. मी त्याच्याबरोबर उभी असले आणि मीच म्हटलं द्या, तरी देऊ नका.

माझ्या भावाला फोन करा. नंबर ह्याच पानाच्या तळाशी आहे. पाळी संपवून तो संध्याकाळी पाचला वर येतो, तोवर लागणार नाही, पण लावत राहा. त्याला म्हणावं, मला शोधत बसू नको, आधी चिमणीला घेऊन जा.