हिरालालच्या झोपडीतलं ‘नाही’

भिलाई, मजूर-कॅम्प
६ मार्च १९६१

चि. माधव यास,
आशीर्वाद. हा शब्द आज सवयीनं लिहिते आहे, मनापासून नाही, हे आधीच सांगून टाकते.

तुझ्या अहवालाची प्रत पोचली. वर निळ्या शाईनं ‘ताईला, तिच्या भिलाईबद्दल’ असं लिहिलं आहेस. चौसष्ट पानं मी दोनदा वाचली. ठेकेदारांच्या कॅम्पातल्या एकोणीसशे झोपड्यांत तुझी माणसं फिरली आणि दोन वर्षांत बाळंतपणात फक्त दोन बायका वारल्या असं तुम्ही ठरवलंत. मग पान एकसष्टवर तू लिहितोस की, गिट्टीची घमेली वाहणाऱ्या या रेजांसाठी, मजूर बायकांसाठी, वीस खाटांचा बाळंतपणाचा वॉर्ड तूर्त नको. बायका आठव्या महिन्यात माहेरी जातात ही चाल चांगली आहे, ती चालू राहू द्यावी.

या वॉर्डासाठी आम्ही तीन वर्षं भांडतो आहोत. वीस एप्रिलला आरोग्य कमिटी बसते. तिथं साहेब तुझं एकसष्टावं पान माझ्यापुढे सरकवतील आणि म्हणतील की बाई, हे तुमच्याच भावानं लिहिलं आहे. एका कागदात तू ते केलंस जे ठेकेदारांना तीन वर्षांत जमलं नव्हतं.

मला एवढंच सांग. आपली धाकटी नलू कोणत्या पानावर आहे? गेल्या वर्षीच्या पौषात ती पहिल्या बाळंतपणात गेली. तो पौष तुझ्या दोन वर्षांत येतो. तिचा नवरा हिरालाल याच कॅम्पात राहतो. तुझी दोन नावं मी काढून पाहिली. दोन्ही परकी आहेत.

आशीर्वाद मनापासून हवे असतील तर उत्तरासोबत मागून घे.
तुझी ताई,
सिंधू

---

नागपूर
१३ मार्च १९६१

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र नव्हे, भिलाईच्या सुपेला चौकात मजुरांपुढे करतेस तसलं भाषण पोस्टानं आलं. टाळ्या तेवढ्या पाकिटात नव्हत्या. कमला आणि बाळ खुशाल आहेत. तू विचारलं नाहीस, तरी कळवतो.

नलू तुझी एकटीची बहीण होती असं लिहू नकोस. तिला पाटीवर पहिलं अक्षर मी गिरवून दिलं होतं. पण मृत्यू जिथं घडतो तिथं मोजायचा, हा आमच्या पाहणीचा नियम आहे. नलू आपल्या गावी, टोल्यात, बाबांच्या अंगणात गेली. आमगावला न्यायला बैलगाडी जुंपत होते, तोवरच रक्त जाऊन ती गेली. तेव्हा तिची नोंद टोल्यात. मी तिला भिलाईतही लिहिलं असतं तर एक मृत्यू दोनदा मोजला गेला असता. आणि माझी बहीण म्हणून मी नियम वाकवला असता, तर उरलेल्या फॉर्मांवर कोणी विश्वास का ठेवावा?

तू विचारण्याआधी सांगतो. हिरालालचा फॉर्म, नंबर ११४७, मी माझ्या हातानं भरला. झोपडीत कोणी वारलं का, या रकान्यात मीच ‘नाही’ लिहिलं. ते लिहिताना मला काय झालं हे तुला सांगायला मी बांधलेला नाही.

तुला वॉर्ड हवा आहे म्हणून तुला जास्त मेलेल्या बायका हव्या आहेत. मी त्या पुरवू शकत नाही.

एवढं वाचूनही माया शिल्लक राहिली तर ती ठेवावी.
तुझा,
माधव

---

भिलाई
१७ मार्च १९६१

माधवदादा यास हिरालालचा रामराम.

ताईनं तुमचं पत्र मले वाचून दाखवलं. ताई लय रागात हाये. तुमच्यावर हाये अन् माह्यावर बी. म्हनून मीच लिवून राहिलो.

तुमी नोव्हेंबरात आले तवा मले इचारलं का या झोपडीत दोन सालात कोनी बाई बाळंतपनात मेली का. मी नाही म्हनलं. खोटं नाही बोललो दादा. नलू या झोपडीत कुठी मेली? आठवा लागला तवा मीच तिले दुर्गच्या टेशनवर पॅसेंजरमधी बसवलं. गाडी सुटता सुटता तिनं सांगतलं का कोंबड्या रोज झाकून ठेवजा, मांजर येते. माह्या डोळ्यानं तं ती जिती गेली.

तुमाले समदं ठावूक होतं. मले वाटलं तुमी लिवान. तुमी मान खाली घालून लिवत होते. मंग मी बी चाय ठेवली अन् गप बसलो.

एक गोष्ट ताईले बी सांगतली नव्हती. तेरवीच्या दिवशी बाबा म्हनले का लेक दिल्या घरची, तिचं नाव सासरच्या ठिकानी लिवून घेजा. मी बरं म्हनलं. इकडं आलो तं मेलेल्याचं नाव कॅम्पात कोन लिवते, कोनाले ठावूक नाही. टाइमकीपरले सांगतलं. त्यानं हाजरीच्या कागदातून तिचं नाव काटलं. लिवलं कोनीच नाही, काटलं तेवढं.

माही पोरगी टोल्यात आईपाशी चालाले लागली म्हनते. तुमी गेले तं पाहून येजा.

चुकलं असन तं सांभाळून घेजा. ताईले जास्त बोलू नका.
हिरालाल

---

भिलाई
२७ मार्च १९६१

चि. माधव यास,
आशीर्वाद.

मला मेलेल्या बायका हव्या आहेत, हे वाक्य मी विसरणार नाही. आपण दोघं म्हातारे झाल्यावरही मी ते तुला ऐकवीन.

हिरालालचं पत्र तुला पोचलं असेल. ते वाचून मी तुझ्यासारखी रकान्यांवर मान घालून बसले नाही. चौदा बायका घेतल्या, त्यात गिट्टी फोडणारी रुक्मा माझ्याबरोबर. लागोपाठच्या दोन रविवारी तुझ्याच एकोणीसशे झोपड्यांत पुन्हा गेलो. प्रश्न एकच बदलला. या झोपडीत कोणी मेलं का, असं नाही. या घरची बाई, लेक किंवा सून, कुठंही गेलेली असो, बाळंतपणात वारली का, असं विचारलं. तुझी दोन नावं धरून तेरा निघाली, यादी सोबत जोडली आहे. अकरा जणी माहेरी गेल्या होत्या, माधव, आणि तुझ्या चांगल्या चालीनं गेल्या होत्या.

इथली माणसं प्रश्नाला नेमकं उत्तर देतात. झोपडी विचारलीस, त्यांनी झोपडी सांगितली. माहेर विचारायचं तुझ्या साहेबाला सुचलं नसेल, त्याचं मला नवल नाही. पण तू टोल्यात वाढलास. आठवा लागला की बैलगाडीत गादी घालतात, आई दारात भाकरतुकडा ओवाळून टाकते, हे तू पाहत मोठा झालास. तुझी कमला मात्र माहेरी गेली नाही. तिची आई नागपूरला आली आणि बाळ मोठ्या इस्पितळात झालं. चाल चांगली होती तर तिला का नाही पाठवलंस?

कॉलेजात असताना तूच मला एका परदेशी डॉक्टरबद्दल वाचायला दिलं होतंस. त्यानं शंभर वर्षांपूर्वी बाळंतिणी मोजल्या. वॉर्डातल्या मोजल्याच, शिवाय दवाखान्याच्या वाटेवर, रस्त्यात बाळंत झालेल्याही हिशेबात घेतल्या, आणि सगळे मोठे डॉक्टर त्याच्यावर उलटले. त्या रात्री तुला झोप आली नव्हती. तो माधव कुठं गेला, हे मला तुझ्या चौसष्ट पानांत सापडलं नाही.

नलूची नोंद टोल्यात आहे म्हणतोस. तर जा आणि वाचून ये. नसेल, तर पान एकसष्ट कमिटीपुढे जाता कामा नये. गेलं, तर वीस तारखेला मी तिथं उभी राहून तुझं नाव घेऊन बोलेन. भाऊ आहे हेही सांगेन.

बाळाच्या गालाला माझ्या वतीनं हात लाव. त्याच्याशी माझं भांडण नाही.
तुझी,
ताई

---

आमगाव
३ एप्रिल १९६१

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

गुड फ्रायडेची सुटी धरून टोल्यात आलो. खरं सांगतो, तुला खोटी ठरवायला आलो.

चिंधू कोतवालाच्या घरी जन्ममृत्यूची वही पाहिली. नलूचा आठवडा सापडला. मुलगी, जिवंत, आई नलू, बाप हिरालाल, राहणार भिलाई, असं स्वच्छ लिहिलं आहे. खालच्या ओळीत टोल्यातल्या एका म्हाताऱ्याचा ताप आणि मृत्यू. मध्ये काही नाही. चिंधूला विचारलं की मुलीचा जन्म लिहिलास, त्याच दिवशी आई गेली ती का नाही लिहिलीस. तो म्हणाला, पोरगी इथं झाली म्हणून लिहिली. बाई तं सासरची, तुमच्या बाबांनी तसंच सांगतलं. त्याला त्यात काही चुकीचं दिसत नव्हतं.

बाबांना विचारलं. ते म्हणाले, माह्या घरी लेक मेली असं सरकारच्या कागदात कसं लिवू देऊ. बोलताना नलूची मुलगी त्यांच्या धोतराला धरून उभी होती. मी उठून बाहेर गेलो.

तुझ्या यादीतली आणखी दोन माहेरं इथून जवळ होती. सायकलनं दोन्हीकडे जाऊन आलो. दोन्ही वह्यांत तेच.

आता तुझी चूक सांगतो. तुझी तेरा नावं बरोबर नाहीत. पाचवी आणि नववी एकच बाई आहे. एकदा तिच्या नवऱ्यानं सांगितली, एकदा दिरानं. बारा धर. कमिटीपुढे तेरा म्हणाली असतीस तर पहिल्याच साहेबानं तुला खाली बसवलं असतं.

पान एकसष्ट मागे घेत असल्याची तार आज सकाळी आमगाव स्टेशनवरून कमिटीला केली. जूनपर्यंत मुदत मागितली आहे. आमच्या साहेबांनाही लिहिलं. छापून झालेला अहवाल परत मागणारा माणूस पुढं कुठं पोचत नाही, हे ते मला नक्की ऐकवतील. नवीन फॉर्ममध्ये तुझा प्रश्न घातला आहे. भाषा सुधारली आहे, तुझी लांब होती.

कमलाला माहेरी का नाही पाठवलं, याचं उत्तर तुला माहीत आहे. मला भीती वाटत होती. नलू गेली तेव्हापासून वाटत होती. तीच भीती मी अहवालात लिहायला हवी होती.

रागावलेली राहिलीस तरी पत्र पाठवत राहावं.
तुझा,
माधव

---

भिलाई
१० एप्रिल १९६१

चि. माधव यास,
आशीर्वाद. आज अर्धे मनापासून.

बारा मान्य. त्या दोघांना मी वेगवेगळं विचारलं आणि ताडून पाहिलं नाही, ही माझी चूक. रुक्माला सांगितलं तर ती हसली आणि म्हणाली, तुमचे डाक्टर भाऊ आता मेलेली बाई सोडत नाहीत, पण दोनदाही मोजू देत नाहीत.

कमिटीनं जूनपर्यंत थांबायचं कबूल केलं. वॉर्ड मिळेलच असं नाही. पण आता त्यांच्यापुढे तुझं ते पान नाही.

माझा राग गेला आहे असं समजू नकोस. चूक कोणाचीही होते. पण त्या झोपडीत तुला ठाऊक होतं, हिरालालला ठाऊक होतं, आणि दोघं मिळून चहा प्यायलात. बाबांवरही राग आहे. त्यांना वेगळं पत्र टाकते. ते आईला वाचून दाखवायला कोणी नसेल तर बरं.

नवीन फॉर्म पोस्टानं पाठवू नकोस, कोणा विद्यार्थ्याच्या हाती तर मुळीच नको. स्वतः ये आणि येताना नलूच्या मुलीला घेऊन ये. बापानं तिला अजून चालताना पाहिलेलं नाही. पहिली झोपडी ११४७ नंबरचीच घ्यायची. तू हिरालालच्या समोर बसायचं, मान वर ठेवायची आणि त्याला नवीन प्रश्न विचारायचा. तो काय सांगतो ते मी दारात उभी राहून ऐकणार आहे. त्यानंतर तू काय लिहितोस तेही पाहणार आहे.

चहा मग मी ठेवीन.
तुझी ताई,
सिंधू